चुकीच्या पानावर दोन लाख

“सामन्याच्या दिवशी नको,” असं वहिनीने ताईकरवी गिऱ्हाइकाला तीनदा सांगितलं होतं. एकदा बैठकीत, एकदा फोनवर आणि एकदा लेखी. लेखी सांगितल्यावर जे उत्तर आलं त्यात एकच शब्द होता : “रविवारीच.”

वहिनी आणि ताई या नणंद-भावजया. चष्म्याच्या एका दुकानाच्या वर दोन खोल्या भाड्याने घेऊन दोघींनी वेबसाइट बनवायची कंपनी काढली होती. पान दिसायचं कसं ते ताई ठरवायची आणि चालायचं कसं ते वहिनी बघायची. गिऱ्हाइकाशी बोलायचं कामही ताईकडेच होतं, कारण वहिनीला बोलू दिलं की गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नसे. ताईचा आवाज फोनवर इतका मऊ व्हायचा की शेजारच्या खोलीतल्या वहिनीला वाटे, बाई कुणाला तरी झोपवते आहे.

कंपनीतले तिसरे म्हणजे शंकासूर. उभा जन्म गाड्यांच्या वेळापत्रकांची प्रुफं तपासून निवृत्त झालेले गृहस्थ. वेबसाइट तयार झाली की तिच्यातल्या चुका हुडकायचं काम त्यांचं. “हे बटण दाबल्यावर जे व्हायला पाहिजे ते होतंय खरं, पण का होतंय?” असले प्रश्न ते विचारत. तोंडावर दोघी त्यांना काका म्हणत, पाठीमागे शंकासूर.

या तिघांकडे खेळांवरच्या ब्लॉगांचं एक मोठं नेटवर्क नव्याने सजवायचं काम आलं होतं. एकूण त्रेपन्न ब्लॉग, सगळे हौशी माणसांनी लिहिलेले. फुटबॉल, टेनिस, पोहणं, बुद्धिबळ, अगदी रस्सीखेचसुद्धा. वाचक लाखांत. नेटवर्कला नुकतेच नवे व्यवस्थापक आले होते आणि त्यांचा आवडता शब्द होता ‘आटोपशीर’. रंग आटोपशीर, चित्रं आटोपशीर, मथळा आठ शब्दांच्या वर गेलेला चालणार नाही. दोघी त्यांना आटोपशीर साहेब म्हणू लागल्या त्याला आठवडाही लागला नाही.

“आणि ज्या अकरा ब्लॉगांना शंभरसुद्धा वाचक नाहीत ते पुसून टाका,” साहेबांनी सांगितलं होतं. “तिथे कुणी आलंच तर त्याला मुखपृष्ठावर पाठवा.”

“हो सर, नक्की सर,” ताई म्हणाली होती.

पुसायच्या आधी वहिनीने त्यातला एक उघडला. उगाच, आतला मजकूर नीट निघतोय का ते बघायला. ब्लॉग चालण्याच्या शर्यतींवर होता. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव ‘टाच’ असं दिलं होतं. महिन्याचे वाचक नऊ. पहिल्याच लेखाचा मथळा होता : ‘वीस किलोमीटरमध्ये एकदाही दोन्ही पाय एकदम जमिनीवरून न उचलता दुसऱ्यांच्या पुढे जायचं म्हणजे नेमकं काय करायचं’. वहिनीने शब्द मोजले. बरोबर आठाच्या दुप्पट भरले. तिला ते फार आवडलं.

ती वाचत गेली. चालण्याच्या शर्यतीत घाई करायला पूर्ण मुभा असते, पण पळायला नसते. पुढचा पाय टेकल्याशिवाय मागचा सुटता कामा नये, आणि पुढचा गुडघा सरळ हवा. हे सगळं पंचांनी नुसत्या डोळ्यांनी बघायचं. यावर टाचने बारा वर्षं, दर मंगळवारी, न चुकता लिहिलं होतं. कुठल्या वळणावर कोण दमतं, हरलेला माणूस शेवटची फेरी कशी पुरी करतो, पावसात बुटांचा आवाज कसा बदलतो. त्या दिवशी वहिनीने जेवणाची सुट्टी आणि वर दीड तास त्यात घालवला.

“वहिनी, काय करतेयस?” ताईने विचारलं.

“पुसतेय,” वहिनी म्हणाली आणि पुढचा लेख उघडला.

रविवार उजाडला. चार वाजता फुटबॉलचा अंतिम सामना होता, लाल विरुद्ध निळे. साडेतीनला नवी वेबसाइट सुरू करायची होती. तीन वाजता शंकासूरांनी चारशे बारा गोष्टी तपासून झाल्याच्या कागदावर सही केली. सव्वातीनला वहिनीने खुर्ची पुढे ओढली.

जुन्या वेबसाइटचे पत्ते नव्या वेबसाइटवर कुठे नेऊन सोडायचे याची एक यादी असते. डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा. वहिनीने ठरवलं होतं की बाकीच्या दहांचं पुढे बघता येईल, पण चालण्याचा ब्लॉग पुसायचा नाही. त्यासाठी एकच ओळ लागणार होती. डावीकडे ब्लॉगचं नाव, त्याच्यापुढे एक तारा, उजवीकडे त्याचं नवं घर. ताऱ्याचा अर्थ ‘यातलं काहीही’. तिने उजवी बाजू लिहिली. डावीकडे तारा टाकला. आता नाव लिहिणार, तेवढ्यात ताई आतून ओरडली, “वहिनी, साहेब लाइनवर आहेत! सुरू करायचं का विचारतायत!”

“करा!” वहिनी म्हणाली आणि ओळ जतन केली.

नाव लिहायचं राहिलं. नुसता तारा गेला. म्हणजे हुकूम असा झाला, की या नेटवर्कवर कुणीही काहीही उघडो, त्याला चालण्याच्या ब्लॉगवर नेऊन सोडा.

मुखपृष्ठ तेवढं या यादीच्या बाहेर होतं, त्यामुळे ते झकास दिसलं. ताईने निवडलेला निळसर पांढरा रंग, मोठी चित्रं, आठ शब्दांचे मथळे. तिघांनी चहा मागवला. शंकासूर म्हणाले, “सगळं ठीक दिसतंय. मला हे आवडत नाही.”

चार वाजून बारा मिनिटांनी पहिला गोल झाला आणि चौदा मिनिटांनी ताईचा फोन वाजला. तिचा धाकटा भाऊ होता, म्हणजे वहिनीचा नवरा.

“ताई, अगं, गोल कुणी केला?”

“मला काय माहीत? आपल्या साइटवर बघ की. आजच सुरू झालीय.”

“तिथेच बघतोय! गोलाच्या बातमीवर बोट ठेवलं तर एक माणूस चालतोय. टेनिसवर ठेवलं, तरी चालतोय. पोहण्यावर ठेवलं, तिथेही तोच. आणि गुडघा सरळ ठेवा म्हणून सांगतोय.”

ताईने फोन कानाला तसाच धरून वहिनीकडे पाहिलं. वहिनीने यादी उघडली आणि तारा पाहिला. दहा सेकंदांत तिने ती ओळ काढून टाकली.

“झालं. माझीच चूक. झालं दुरुस्त.”

“माझ्या फोनवर अजून चालतायत,” शंकासूर म्हणाले.

“पुन्हा उघडा.”

“पुन्हा उघडलं. पुन्हा चालतायत. पण ही ओळ आली कुठून? मी तपासलं तेव्हा नव्हती.”

“तुमच्या सहीनंतर घातली, काका.”

शंकासूरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि सही केलेला कागद उलटा करून ठेवला. वहिनीला त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

तोवर दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. त्या ओळीच्या शेवटी तिने, इतर सगळ्या ओळींसारखाच, ‘कायमचा’ असा शेरा मारला होता. पत्ता कायमचा बदललाय असं एकदा सांगितलं की लोकांचे फोन ते लक्षात ठेवतात आणि पुन्हा विचारायलाही येत नाहीत. ज्यांनी ज्यांनी गेल्या पाऊण तासात बातमीवर बोट ठेवलं होतं, ते आता कितीही वेळा ठेवोत, थेट टाचकडेच जाणार होते.

“किती लोक आहेत असे?” ताईने विचारलं.

वहिनीने आकडा बघितला. “साठ हजार.” मग परत बघितला. “मघाशी होते. आता एक लाख वीस. कळलं म्हणून आणखी लोक मुद्दाम बघायला येतायत. टाचचा पत्ता एकमेकांना पाठवतायत.”

चालण्याच्या ब्लॉगखाली, जिथे वर्षाकाठी तीन-चार प्रतिक्रिया यायच्या, तिथे आता पानंच्या पानं भरत होती. “गोल कुणी केला ते सांगा,” असं एकाने लिहिलं. “इथे गोल नसतो. इथे टाच आधी टेकते,” असं दुसऱ्याने कळवलं. निळ्यांच्या एका चाहत्याने लिहिलं की लालांच्या कप्तानाला असं सरळ चालायला सांगितलं तर तो पडेल. लालांच्या चाहत्याने आव्हान स्वीकारलं. मध्यंतरापर्यंत दोन्हीकडची माणसं आपापल्या घरात चालून बघू लागली. “गुडघा सरळ ठेवला, टीपॉयला धडकलो, बायको हसतेय,” असा एकाचा अहवाल होता. त्याला चारशे जणांनी दाद दिली.

मध्यंतरात साहेबांचा फोन आला. ते मैदानातच होते, जाहिरात देणाऱ्या एका बूट कंपनीच्या लोकांबरोबर.

“मी त्यांना नवी साइट दाखवत होतो!” साहेब म्हणाले. “म्हटलं, बघा, एका बोटात गोल. आणि निघालं काय? एक म्हातारा चालतोय! मी पाच वेळा दाखवलं. पाची वेळा तोच!”

“हो सर, चुकलंच सर,” ताईचा आवाज लोण्यासारखा झाला. “दुरुस्ती चालू आहे सर.”

“दुरुस्ती कसली? तो ब्लॉग पुसून टाका. आत्ता. मी पुसायला सांगितला होता ना?”

वहिनीने ताईच्या हातातून फोन घेतला. ताईने डोळे मिटले.

“साहेब, पुसला तर ही सगळी माणसं रिकाम्या पानावर येऊन उभी राहतील,” वहिनी म्हणाली. “दुसरं म्हणजे, चूक ब्लॉगची नाही, माझी आहे. माझी माफी मी मागेन. त्याला हात लावणार नाही.”

“तुम्ही हे मुद्दाम केलंत!”

“मुद्दाम केलं असतं तर इतकं नीट जमलं नसतं.”

फोन बंद झाला. पाच मिनिटांत साहेबांकडून माफीपत्राचा मसुदा आला, कंपनीने सही करून जाहीर करायचा. शंकासूरांनी तो मोठ्याने वाचला. “‘तांत्रिक कंपनीचा हलगर्जीपणा, आणि नेटवर्कवरचा एक निरुपयोगी, बंद पडलेला ब्लॉग, यांमुळे वाचकांना त्रास झाला.’”

“हलगर्जीपणा बरोबर आहे,” वहिनी म्हणाली. “तो ठेवा.”

“पण बंद पडलेला हे धादांत खोटं आहे,” शंकासूर म्हणाले. “मी मघाशी मोजले. सहाशे एकोणीस लेख आहेत. शेवटचा गेल्या मंगळवारचा. यात शुद्धलेखनाच्या चुका दोन, आणि त्यातलीही एक वादग्रस्त आहे. असल्या मजकुराला निरुपयोगी म्हणणाऱ्या कागदावर मी सही करणार नाही.”

“तुमच्याकडे सही मागितलीच नाहीये, काका.”

“मागितली तरी करणार नाही!”

ताईने तोवर टाचच्या पत्त्यावर एक पत्र लिहून पाठवलं होतं, की आमच्या चुकीमुळे आपल्या ब्लॉगवर गर्दी झाली आहे, क्षमा असावी. आणि तिला काळजी होती ती पुढची. हे काम हातचं गेलं तर निदान गेलं म्हणता येईल, पण साहेब चारचौघांत ‘त्या मुद्दाम घोळ घालतात’ म्हणून सांगत सुटले, तर या दोन खोल्यांचा जिना कोण चढणार?

वहिनीला उपाय सुचला होता, पण तो वेळखाऊ होता. फोनांनी जे पत्ते घोकून ठेवले होते ते पत्तेच टाकून द्यायचे. त्रेपन्न ब्लॉगांतल्या सगळ्या पानांच्या पत्त्यात एकेक अक्षर वाढवायचं, म्हणजे फोनांना ते अनोळखी वाटतील आणि ते पुन्हा विचारायला येतील. आणि चुकून टाचकडे आलेल्यांना, लेखाच्या वर एक पट्टी दाखवायची : ‘तुम्हाला कुठे जायचं होतं?’ ताईने पट्टी आखायला घेतली, वहिनीने पत्ते बदलायला, आणि शंकासूर प्रत्येक पत्ता तपासायला बसले. या वेळी त्यांच्या पाठीमागे एक अक्षरही हलवायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं.

सामना संपायच्या आधीच जिन्यावर पावलं वाजली. आटोपशीर साहेब स्वतः आले होते. गळ्यात मैदानाचा पास तसाच लटकत होता, कपाळावर घाम होता.

“पत्रावर सही झाली?”

“नाही,” वहिनी मान वर न करता म्हणाली.

“ब्लॉग पुसला?”

“नाही.”

“मी तुमच्या कंपनीचं नाव सगळीकडे सांगेन. पुन्हा कुणी काम देणार नाही. आणि त्या टाचसारख्या रिकामटेकड्या माणसाला मी—”

“सर,” ताई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच मऊ होता, म्हणून साहेबांनी लक्ष दिलं नाही.

“—त्याला तर मी उभाच करणार नाही! कोण वाचतं असलं? एकेक मथळा एवढा मोठा—”

“सर, गप्प बसा.”

वहिनीचं बोट अक्षरावरच थांबलं. चौदा वर्षांच्या नात्यात तिने ताईच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं, अगदी तिच्या भावाला उद्देशूनसुद्धा नाही.

“सामन्याच्या दिवशी नको, असं आम्ही तीनदा सांगितलं,” ताई त्याच मऊ आवाजात बोलू लागली. “तुम्ही ऐकलं नाहीत. तरी चूक आमची झाली, ती आम्ही कबूल केली आणि निस्तरतोय. तासाभरात होईल. पण बारा वर्षं कुणी न सांगता काम करणाऱ्या माणसाला, तुमची सोय व्हावी म्हणून, आम्ही निरुपयोगी म्हणणार नाही. आमचं नाव कुठे सांगायचं तिथे सांगा. स्पेलिंग काकांकडून लिहून घ्या. तोवर त्या खुर्चीवर बसा, नाहीतर खाली जा. मधे उभे राहू नका, प्रकाश अडतोय.”

साहेब बसले. का बसले ते त्यांनाही कळलं नसावं. शंकासूरांनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

साडेसहाला टाचचं उत्तर आलं. ताईने ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

“‘आपलं पत्र मिळालं. मी अठ्ठावीस वर्षं चालण्याच्या शर्यतींत पंच म्हणून उभी राहते, त्यामुळे चुका बघायची सवय आहे. आज आलेल्यांपैकी चौघांनी लेख शेवटपर्यंत वाचला, असं त्यांच्या प्रश्नांवरून दिसतं. त्यांना मी उत्तरं देते आहे. बाकीच्यांना कृपया लवकर त्यांच्या जागी पोचवा. ती माणसं दुसऱ्याच कामाला निघाली होती.’”

“बाई आहेत!” शंकासूर म्हणाले. त्यांनी मघापासून मनात एक मिशीवाला गृहस्थ उभा केला होता.

साहेब मात्र स्वतःच्या फोनमध्ये बघत होते. बूट कंपनीचा निरोप आला होता. त्यांनी तो दोनदा वाचला, फोन खिशात घातला आणि “पत्राचं राहू द्या” एवढंच पुटपुटून जिना उतरले.

पावणेसातला शेवटचा पत्ता बदलला, तेव्हा टाचकडे येऊन गेलेल्यांचा आकडा दोन लाखांवर पोचला होता. शंकासूरांनी नव्या कागदावर सही केली. वहिनीने स्वतःच्या नावाने माफीनामा लिहिला : ‘माझ्या चुकीमुळे तुम्हाला दुपारभर नको असलेलं वाचावं लागलं. क्षमस्व. ते चांगलं होतं, हा योगायोग.’ तोपर्यंत सामना निळ्यांनी जिंकलाही होता.

सोमवारी दहाच्या ठोक्याला साहेबांचा फोन आला. आवाजात लोणी होतं, या वेळी त्यांच्या बाजूने.

“नमस्कार. काय म्हणताय? ते अकरा ब्लॉग राहू द्या बरं का, एकही पुसू नका. बूट कंपनी फार खूश आहे. म्हणतात, फुटबॉलच्या पानावर लोक दहा सेकंद थांबतात, त्या चालण्याच्या पानावर चार चार मिनिटं थांबले होते. आणि घरात चालून बघत होते! बुटांच्या धंद्यात याहून काय पाहिजे?”

“छानच झालं सर,” ताई म्हणाली.

“तर आता असं करा. पुढच्या रविवारी लाल-निळ्यांचा मैत्रीचा सामना आहे. तेव्हा ती चूक परत करा.”

“कोणती चूक, सर?”

“तीच हो. ताऱ्याची. मोजून दोन तास. आटोपशीर.”

ताईने फोन वहिनीपुढे धरला. “साहेब, झाली ती चूक होती,” वहिनी म्हणाली. “ठरवून केली तर ती लबाडी होईल. टाचबाईंना विचारा, त्या तुम्हाला तांबडी पाटी दाखवून शर्यतीबाहेर काढतील. आम्ही करणार नाही.”

“मग मी दुसऱ्या कंपनीकडून करून घेईन!”

“खुशाल घ्या,” असं दोघी एकदमच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

साहेबांनी खरोखरच काम दुसरीकडे दिलं. शहरातली मोठी कंपनी होती, काचेची इमारत, चाळीस माणसं. त्यांनी तारा यादीत घातला, तर त्यांच्याकडच्या चुका पकडणाऱ्या यंत्रणेने तो आपोआप काढून टाकला. त्यांनी पुन्हा घातला, यंत्रणेने पुन्हा काढला आणि वर साहेबांना इशारापत्र पाठवलं. तीन बैठका झाल्या. रविवारी सामना सुरू झाला तेव्हा साहेब बूट कंपनीच्या लोकांना घेऊन परत मैदानात बसले होते. त्यांनी ऐटीत गोलाच्या बातमीवर बोट ठेवलं, आणि पान उघडलं ते गोलाचंच. टेनिसवर ठेवलं, टेनिस उघडलं. पोहण्यावर ठेवलं, तर पोहणं. साहेबांनी संबंध मध्यंतर बोट ठेवून ठेवून बघितलं, पण काही केल्या एकही माणूस चुकीच्या जागी पोचला नाही.